सचिवबाई आत आहेत

सोमवार, १७ फेब्रुवारी

प्रिय टिल्लू,

कशी आहेस, हे विचारत नाही. फोनवर विचारलं की "बरी आहे" म्हणतेस आणि ठेवून देतेस. म्हणून पत्र. इथे निदान माझं बोलणं पुरं तरी होईल. माझा गुडघा कुरकुरतोय, मांजर मजेत आहे आणि हल्ली तुझ्यापेक्षा जास्त बोलतं.

परवा आपल्या क्लबची विभागीय परिषद झाली. सेवाभावी संस्था म्हणे! सकाळपासून सेवा झाली ती फक्त व्यासपीठावरच्यांची. ह्याने त्याला पुष्पगुच्छ द्यायचा, त्याने तिसऱ्याला. तोच गुच्छ फिरत होता, मी ओळखला. त्यातलं एक फूल मान टाकून बसलं होतं. आणि "थोडक्यात सांगतो" असं म्हणून माइक धरणाऱ्याला तर थेट तुरुंगात टाकायला हवं.

मग हजेरी. यंदाचा नवा नियम ऐक: ज्या क्लबचा अध्यक्ष किंवा सचिव, एक जरी गैरहजर असला, तो शेजारच्या मोठ्या क्लबात विलीन. आपला शेजारचा मोठा क्लब म्हणजे तो दातांचा डॉक्टर. पुढच्या रांगेतून वळून तो माझ्याकडे असा बघत होता, जणू मी काढायची राहिलेली दाढ.

आपलं नाव पुकारलं. मी उठले. "अध्यक्ष हजर."

"आणि सचिव?"

"माझं नाव कमी कर" असं तू मला सांगितलं आहेस. ऐकलंय मी, बहिरी नाही. पण तोंडून निघून गेलं, "सचिवबाई आत गेल्यात." आत म्हणजे कुठे, हे बाईमाणसाला कोण विचारणार?

झालं! तुझ्या खुर्चीवर मी पर्स ठेवली, पाठीवर माझा स्वेटर घातला, त्याला तुझा बिल्ला लावला. जेवताना दोन ताटं वाढून आणली आणि दोन्ही संपवली. क्लबासाठी काय काय करावं लागतं! दुपारपर्यंत तुझ्या पोटाची काळजी अख्ख्या सभागृहाला लागली होती. शाळेत सिस्टर मला खोटं बोलल्याबद्दल कोपऱ्यात उभं करायच्या, तेव्हा तू काही न करताही शेजारी येऊन उभी राहायचीस. एकटीने खोटं बोलायची मला सवयच नाही गं.

शेवटी दातांच्या डॉक्टरला संशय आलाच. त्याने बायकोच्या हाती मीठ-साखरेच्या पाण्याचा पेला दिला आणि "बघून ये" म्हणाला. मी मागोमाग पळाले, गुडघ्यासकट. बाई एकेक दार ठोठावतेय, "सचिवबाई, बऱ्या आहात ना?" तेवढ्यात शेवटच्या दाराआडून कुणीतरी खेकसलं, "बरी आहे हो मी! माणसाला निवांत बसूही देत नाहीत!"

अगदी तुझ्यासारखं.

बाहेर येऊन बायकोने नवऱ्याला सांगितलं, "आहेत आत. लावा हजेरी." संध्याकाळी गाडीपाशी तिने माझा हात धरला. "ती बाई आमच्याच क्लबची होती. आवाज ओळखला मी."

"मग सांगितलं का नाहीत?"

"मी लग्न करून त्यांच्यात विलीन झालेच आहे," ती म्हणाली. "तुम्ही तरी राहा."

तर आपण राहिलो. पण कशाच्या जोरावर? आपला क्लब म्हणजे तुझ्या गॅरेजमधल्या चाकांच्या खुर्च्या आणि कुबड्या. लागेल त्याने न्याव्या, काम झालं की आणून द्याव्या. भावोजी गेले तेव्हापासून गॅरेजला कुलूप आहे. गेल्या आठवड्यात कोपऱ्यावरचा शिंपी आईसाठी खुर्ची मागायला आला. "पुढच्या आठवड्यात नक्की," मी म्हटलं. हेही खोटंच.

भावोजींचा तेलाचा डबा तिथेच असेल. तो निळा, काळे डाग पडलेला सदराही खिळ्यावर असेल. ते तुला बघवणार नाही, हे मला कळतं. म्हणून तर कितीदा तुझ्या फाटकापर्यंत आले आणि परत गेले. काय बोलायचं ते सुचत नाही. मला नीट रागावता तेवढं येतं, आणि मेल्या माणसावर रागावून काही उपयोग नाही.

आता खरी बातमी. समारोपात प्रांतपालांनी, म्हणजे सगळ्या क्लबांच्या वरच्या साहेबांनी, तुझं कौतुक केलं: "प्रकृती बरी नसतानाही सचिवबाई दिवसभर हजर राहिल्या." टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. येत्या रविवारी ते खुर्च्या बघायला आणि तुझी तब्येत विचारायला तुझ्याकडे येणार आहेत. मी नको-नको म्हणेपर्यंत त्यांनी डायरीत लिहूनसुद्धा टाकलं.

म्हणून मी शनिवारी सकाळी येतेय. कुलूप मी काढते, तू माझ्यामागे उभी राहा. चाकं तू धर, तेल मी घालते. सदरा खिळ्यावरच राहू दे, त्याला कुणी हात लावणार नाही. पहिली खुर्ची शिंप्याच्या आईला.

दार उघडलं नाहीस, तर मीठ-साखरेचं पाणी घेऊन ठोठावत बसेन. हवं तर खेकस माझ्यावर. आत आहेस, एवढं तरी कळेल.

तुझ्या खुर्चीवर दुसऱ्या कुणाला बसू न देणारी,

लंबू