सिद्धार्थचा फोटो भिंतीवर लागला नाही

मंगळवार, संध्याकाळ

कॉलेजच्या ‘हॉल ऑफ फेम’मध्ये यंदाही सिद्धार्थचं नाव नाही. त्याच्या जुन्या रॉक बँडच्या गायकाचा फोटो लागला. आणि माझा नवरा, ज्यानं इतकी वर्षं मागं बसून ड्रम वाजवले, तो? समितीतले एकजण मला म्हणाले, “ड्रमरला कोण ओळखतं हो?” इतका राग आला! हा मात्र चहा गार करत टेबलावर बोटांनी ताल धरून बसलेला. वाईट वाटलं की असाच बसतो. ही बोटं कुणाला कधी दिसलीच नाहीत का?

तेवढ्यात बार्शीहून बँडमधल्या गिटारवाल्या महादेवचा फोन आला.

“नाव आलं का रं?”

“न्हाय.”

“बरं झालं की! भिंतीवर लागायची एवढी घाई कशाला? रविवारी येतो, ड्रम काढून ठेव.”

फोन ठेवला आणि पन्नाशी उलटलेला हा माणूस स्टुलावर चढून माळ्यावरचे ड्रम उतरवायला लागला. सगळी धूळ माझ्या नव्या चादरीवर! ओरडणारच होते. पण त्याचा चेहरा बघितला आणि मुकाट्यानं खालून स्टूल धरून उभी राहिले.