हमालाचा डगला

बाबा,

तुमच्या डगल्याची खरी किंमत मायची माहेरची दुलई. ती उसवून मायनं त्यातला कापूस डगल्यात भरला, अस्तराला जुनं लुगडं लावलं, आणि पुढचे हिवाळे पोतं पांघरून काढले. तुम्ही लातूरच्या आडतीत हमाल. पोत्यानं पाठ सोलवटायची, म्हणून हा उपाय. कोशात डगला म्हणजे कापूस भरून शिवलेला अंगरखा. बाजारात डगला म्हणजे अंगावर लोंबणारा, दुसऱ्याच्या मापाचा कोट. तुम्ही मात्र म्हणायचात, आपल्या कंधारच्या किल्ल्यावर शिपाई असाच डगला घालायचे, बाण कापसातच अडकायचा. "बाण कुठला आलाय, तुरीचं पोतं हाय," माय म्हणायची.

दुष्काळात आडतीत माल येईना. तुम्ही दुष्काळी कामावर दगड वाहायला जाता, भर उन्हात, अंगात तोच डगला. बायका म्हणतात, "आलं बगा सरदार. घोडं कुठं बांधलं?" तुम्ही पाठीवरचा दगड उतरवता. "सरदारनीनं ठिवून घेतलंय. मला धाडलंय पायी." सगळे हसतात, शेजारी खडी फोडणारी मायही हसते. ते हसू अजून माझ्या कानात आहे.

मग लातूर जिल्हा झाला. कचेऱ्या आल्या, साहेब आले, साहेबांना कापड लागलं. मी भाड्याच्या गाळ्यात दुकान टाकलं, तोंड गोड ठेवलं, आणि चाललं की. गिऱ्हाइकासमोर गादीवर थाप मारून सांगायचो, "ही माझ्या कमाईची. बापाच्या घरून कापसाचं बोंडही आणलं नाही." तुम्ही दुपारी यायचात आणि पायरीवरच थांबायचात. "बसा की, बाबा." "नगं. उभाच बरा हाय." मला वाटायचं, पोती वाहून पाठ वाकत नसेल. दोनदा म्हणालो. तिसऱ्यांदा म्हणायचं राहून गेलं, आणि मग तुम्हीच गेलात.

परवा गादी पिंजायला काढली. पिंजारी अंगणात बसलेला, मी आत, आणि माझे कान किती तिखट, तुम्हाला माहीतच आहे. माय त्याला हळूच सांगत होती, "जपून पिंज रे. दुकान टाकलं तवा ह्यांनी डगला उसवून ह्यात घातलाय. ल्योकाला सांगू नगं म्हणले, गिऱ्हाइकापुढं त्याची मान खाली जाईल." पिंजारी म्हणाला, "आन् सोता कधी बसले का न्हाई ह्या गादीवर?" माय म्हणाली, "न्हाई. ल्योक बसलाय न्हवं, म्हणायचे."

मी बाहेर आलो नाही. ऐकलं, हेही मायला अजून सांगितलेलं नाही. हा कागद घडी करून ताग्यांखाली सारतोय. दुकान रोज उघडतो, गिऱ्हाइकं येतात, हात सवयीनं गादीवर जातो आणि तिथंच थांबतो. गादीत निम्मा कापूस तुमच्या डगल्यातला आहे.