लेकीच्या घरचं पाणी

सक्करदरा, नागपूर
ता. ३ फेब्रुवारी १९७८

सौ. विहीणबाई कौसल्याबाई यांस,
सौ. इंदूबाईचा सप्रेम नमस्कार. वि. वि.

तार आली नाही, पत्र आलं, यावरूनच तुम्ही ओळखलं असेल की अजून काही नाही. डॉक्टरीणबाईंनी दिलेली तारीख होऊन गेली. तुमची नीला खुशाल आहे. पायावरची सूज उतरली, भूक चांगली लागते, आणि झोप तर इतकी की दुपारी खिडकीपाशी बसल्या बसल्या डोळे मिटतात आणि तांदूळ निवडायची थाळी मांडीवर तशीच राहते. ती सूज पाहूनच बाळंतपण नागपुरात करा असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. नाहीतर पहिलटकरणीला माहेरी न धाडायला मी काय वेडी आहे?

काल तपासून आलो. बाळाचे ठोके छान आहेत, घाई नको, थोडी वाट पाहू, असं त्या म्हणाल्या. त्यांना वाट पाहायला काय जातं! इथे गल्लीतली एकेक बाई सकाळी दारातून मान घालून विचारते, झालं का वं? शेजारच्या रंभाबाईंचं म्हणणं की पोरीले गरम दुधात एरंडेल पाजा, पोट हललं की बाळही हलते. दोन्ही सुनांना त्यांनी तसंच दिलं होतं म्हणे. मी बाटली आणून ठेवली आहे. शिवाय संध्याकाळी तलावापर्यंत चालवते, सकाळी उकिडवं बसून फरशी पुसायला लावते. तुमच्या जावयाने, गोविंदाने, तर कहरच केला. मित्राची स्कूटर मागून आणतो आणि इतवारीच्या खड्ड्यांतून हिला एक चक्कर मारून आणतो म्हणाला. मी त्याला सांगितलं, बाबू, तू एकटाच जा, आणि येताना खजूर घेऊन ये.

एरंडेलाबद्दल तुमचं मत कळवा. तुम्ही तिची आई, तुम्हाला विचारल्याशिवाय मी देणार नाही. दिवाळीत तुम्ही आलात तेव्हा आमच्याकडचा घोटभर चहा घेतला नाही, तहान लागली तर रंभाबाईंकडे जाऊन पाणी प्यालात, ते मात्र मी विसरले नाही. रीत तुमची, रुसवा माझा.

लोभ आहे तो वाढवावा, आणि उत्तर लवकर टाकावं.

तुमची,
सौ. इंदूबाई


खैरगाव
ता. ६ फेब्रुवारी १९७८

सौ. विहीणबाई इंदूबाई यांस,
सौ. कौसल्याचा सप्रेम नमस्कार. वि. वि.

पत्र पोचलं. हल्ली पोस्टमनची सायकल वळणावर दिसली की मी दारात जाऊन उभी राहते. तुमचं अक्षर पाहिलं आणि जीव भांड्यात पडला.

एरंडेल देऊ नका. साफ लिहिते, राग मानू नका. आमच्या गावात भीमाबाईंच्या पोरीला पाजलं होतं. बिचारी दिवसभर पोट धरून परसाकडे पळत राहिली, आणि खऱ्या कळा सुरू झाल्या तेव्हा अंगात त्राण उरलं नव्हतं. एवढी मेहनत पुढे असताना पोरीला आधीच पिळून कशाला काढायचं? डॉक्टरीणबाईंना विचारल्याशिवाय तर काहीच नको. चालवा, खजूर द्या, दुधात चमचाभर तूप घाला. फरशीही पुसू द्या, तिला कामाची सवय आहे. स्कूटरचं नाव मात्र काढू नका. नीलाचे बाबा म्हणतात की संत्रं पिकलं की देठ सैल होतो, ओढून काढलं तर साल फाटते. त्यांना बागेपलीकडे काही सुचत नाही, पण या वेळी मला पटलं.

चहाचं म्हणाल तर काय लिहू? लेकीची कूस उजवेपर्यंत आईबापांनी तिच्या घरचं अन्नपाणी घ्यायचं नाही, ही आमच्याकडची पिढ्यांची रीत. मी काढली नाही, आणि मोडायची हिंमत माझ्यात नाही. म्हणून तर राहायला येता येत नाही. तुमची तार आली की पहिल्या एस.टी.ने निघते. मग तुम्ही आधण ठेवा, मी दोन कप घेईन.

तोवर माझ्या वाटची माया तिला तुमच्या हातून मिळावी, एवढंच मागणं.

सौ. कौसल्या


नागपूर
ता. ९ फेब्रुवारी १९७८

ती. सौ. माय हिस,
नीलाचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र सासूबाईंनी मोठ्याने वाचून दाखवलं. एरंडेलाची बाटली फडताळात वर गेली. रंभाबाई त्या दिवसापासून माझ्याकडे अशा बघतात की जणू मी त्यांचं उसनं घेतलेलं परत केलं नाही.

माय, आपला आंबिया बहार फुलला असेल ना? इथे कुठेच संत्र्याचं झाड नाही, पण दुपारी डोळा लागायच्या आधी मला तो वास येतो. मग रोज एकच स्वप्न पडतं. आपली विहीर आहे, मोटरपंप चालू आहे, आणि पाटाच्या काठाला कोणीतरी इवलंसं पाठमोरं बसलं आहे. पाय पाण्यात सोडले आहेत. झाडांवरून पांढऱ्या पाकळ्या पडतात आणि त्याच्या पायांवरून वाहत जातात. मी म्हणते, चल, सगळे वाट पाहून राहिले. ते मान हलवतं. तोंडाने बोलत नाही, तरी मला कळतं की ते म्हणतं, थांब ना, माय येऊन राहिली. मग मीही त्याच्या बाजूला बसते. पाणी इतकं गार असतं की उठावंसंच वाटत नाही. जाग येते तेव्हा पंपाचा आवाज चालूच असतो, आणि बऱ्याच वेळाने ध्यानात येतं की ती गल्लीतली पिठाची गिरणी आहे.

मी इथे दुःखात नाही. सासूबाई पायाला तेल लावून देतात, हे खजूर आणून आणून डबा भरून टाकतात. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की वीस तारखेच्या सोमवारपर्यंत कळा आल्या नाहीत तर भरती करू आणि सलाईनमधून औषध देऊ. घाबरण्यासारखं काही नाही, पुष्कळ बायांना देतात. मी मान हलवली. घरी येऊन खूप रडले.

मला भीती वाटते, माय. तार आल्यावर येऊ नको, त्याच्या आधी ये. सगळे म्हणतात बाळ येत नाही. मला वाटतं ते तयार आहे, मीच त्याला धरून ठेवलं आहे, तू येईपर्यंत. हे कोणाला सांगू? हसतील.

बाबांना नमस्कार. विहिरीला माझी आठवण सांग.

तुझी,
नीला


खैरगाव
ता. ११ फेब्रुवारी १९७८

चि. सौ. नीलास,
आईचे अनेक उत्तम आशीर्वाद.

बाई, तुझं पत्र वाचून हातातलं काम हातातच राहिलं. बहार फुलला आहे. ओसरीत बसलं तरी डोकं जड व्हावं इतका वास आहे. मधमाश्यांचा आवाज ऐकत दुपारी मी पडते, पण मला झोप येत नाही आणि स्वप्नही पडत नाही.

तुला एक सांगते. तुझ्या वेळी माझी आई आली होती. वैशाखाचं ऊन होतं. माझं बाळंतपण सासरीच झालं, तुझ्या आजोबांच्या आजारपणामुळे मला माहेरी जाता आलं नाही. आई आमच्या अंगणाबाहेर निंबाखाली बसून राहिली. आमच्या माठातलं पाणी तिने ओठाला लावलं नाही. आत तू रडलीस, तेव्हा तिने पहिल्यांदा पाणी मागितलं. लोक म्हणाले, आईने रीत पाळली म्हणून लेक-नात सुखरूप राहिल्या. ते खरं की खोटं मला ठाऊक नाही. पण मी मोडली आणि तुला काही झालं, तर मी कोणाकडे पाहू?

हसण्यासारखं तू काही लिहिलं नाहीस. पण मन घट्ट कर. सोमवारी औषध द्यायचं ठरलं तर निमूट घे, डॉक्टरीणबाई शिकलेल्या आहेत. माझा जीव तिथेच आहे असं समज.

बाबा रोज संध्याकाळी एस.टी.च्या फाट्यापर्यंत जाऊन येतात.

सदैव तुझी वाट पाहणारी,
आई


नागपूर
ता. १४ फेब्रुवारी १९७८

सौ. विहीणबाई कौसल्याबाई यांस,
सौ. इंदूबाईचा सप्रेम नमस्कार. वि. वि.

हे पत्र नीलाला न दाखवता लिहीत आहे. तुमचं पत्र आल्यापासून ती शहाण्यासारखी वागते, आणि तेच मला बघवत नाही. तलावापर्यंत चालते, पण पाण्याकडे बघत उभी राहिली की हाक मारून आणावी लागते. काल दुपारी झोपेत विचारत होती, माय आली का? मी तिच्या केसांवरून हात फिरवला तर हसली. डोळे उघडून पाहिलं, मी होते. तशीच हसत राहिली हो, माझं मन मोडू नये म्हणून.

रंभाबाईंनी आता नवा उपाय सांगितला आहे. घरातली सगळी कुलपं उघडायची, गाठी सोडायच्या, म्हणजे बाळंतिणीची वाट मोकळी होते. नुकसान तर काही नाही म्हणून मी केलं. ट्रंका, कोठी, फडताळ, सगळं सताड उघडं. नीलाची वेणीसुद्धा सोडली. मांजरीने दूध संपवलं, आणि गोविंदा घरी आला तो चोरी झाली समजून शेजाऱ्यांना बोलवायला धावला. हसून हसून नीलाच्या डोळ्यांत पाणी आलं. मग ते हसणं कधी थांबलं आणि पाणी कधी वाढलं, ते मला कळलंच नाही.

तर विहीणबाई, आमच्या घरची सगळी कुलपं उघडून झाली. एक राहिलं आहे, ते खैरगावला आहे.

तुमची रीत मोडा असं मी म्हणत नाही. तुमचं पाणी तुम्ही घेऊन या, भाकरी बांधून आणा, ती संपली तर रंभाबाईंची चूल आहे. मी कपभर चहाचाही आग्रह करणार नाही. दिवाळीचा रुसवा मी परत घेतला. फक्त येऊन तिच्या उशाशी बसा.

यावं आणि लोभ समक्ष दाखवावा.

सौ. इंदूबाई


(पोस्टकार्ड)
खैरगाव, ता. १६ फेब्रुवारी

सौ. विहीणबाईंना नमस्कार. शनिवारी सकाळच्या एस.टी.ने येते. सोबत कळशीभर विहिरीचं पाणी, भाकरी आणि ठेचा. कंडक्टरने कळशीचं तिकीट मागितलं तर तेही काढीन. नीलाला सांगा. नाही, सांगू नका, मीच दारात उभी राहीन. तुमचे उपकार कोणत्या तोंडाने लिहू? कौसल्या.


नागपूर
ता. २० फेब्रुवारी १९७८

नीलाच्या बाबांना,
कौसल्याचा शि. सा. न. वि. वि.

काल रात्रीची तार पोचली असेल. नात झाली. दोघी सुखरूप आहेत. तारेत एवढंच मावतं, बाकीचं इथे लिहिते. लिहायला हात धजत नाही, पण तुमच्यापासून लपवून मला घास जाणार नाही.

शनिवारी मी दारात उभी राहिले तेव्हा नीला खिडकीपाशी डुलक्या घेत होती. मला पाहून ती दचकली नाही. मोटरपंप बंद झाला का, असं विचारलं. तिला अजून स्वप्नच वाटत होतं. मग कळशीला हात लावला, गार लागली, तेव्हा माझ्या गळ्यात पडली. दिवसभर तिने तेच पाणी मागितलं. तोंडात धरून ठेवायची, डोळे मिटायची आणि म्हणायची, पाटाचा वास येते. मी माझ्या वाटचंही तिलाच देत गेले. रविवारी सकाळी कळशी रिकामी झाली.

त्याच सकाळी कळा सुरू झाल्या, पण येत आणि थांबत. डॉक्टरीणबाईंकडे गोविंदरावांनी जाऊन विचारलं तर त्या म्हणाल्या, अजून वेळ आहे, कळा जवळजवळ आल्या की घेऊन या. नीलाचे ओठ सुकले होते. विहीणबाईंनी माठातलं पाणी पेल्यात भरून तिच्या हाती दिलं. ती प्याली नाही. पेला माझ्याकडे केला आणि म्हणाली, माय, आधी तू. मी म्हटलं, मले तहान नाही. खोटं होतं. सकाळपासून माझा घसा कोरडा होता, पण तिला सोडून रंभाबाईंकडे पाणी प्यायला जाववत नव्हतं. तिने काही हट्ट केला नाही. नुसता पेला धरून बसली. इतक्यात कळ आली, पेला कलला, पाणी माझ्या मनगटावर सांडलं.

मला माझी आई आठवली. ती निंबाखाली माझ्यासाठी तहानलेली बसली होती, हे मी जन्मभर अभिमानाने सांगितलं. पण मी आत तिला हाका मारत होते, आणि ती रीत धरून बाहेर बसून होती, हे मी कधी कोणाला सांगितलं नाही. तुम्हालाही नाही. नीला जन्मली त्या दिवशी मला माझी आई पाहिजे होती हो.

मी पेला घेतला आणि अर्धा प्याले. उरलेला तिने घेतला. विहीणबाई पदर डोळ्यांना लावून आत निघून गेल्या. त्यानंतर कळा थांबल्या नाहीत. रिक्षातून जाताना तिने माझा हात सोडला नाही, आणि दिवेलागणीच्या आत पोर रडली. केस दाट आहेत, आणि पाय सारखे हलवते, पाण्यात सोडल्यासारखे.

आता इथे वाद चालला आहे. रंभाबाई म्हणतात कुलपं उघडल्यानं झालं, गोविंदराव म्हणतात खजुरानं, विहीणबाई म्हणतात चालण्यानं. डॉक्टरीणबाई हसून म्हणाल्या, वेळ झाली होती म्हणून झालं. एरंडेल विहीणबाईंनी पाळण्याच्या कड्यांना घातलं, करकर थांबली.

तर पाणी मी आधी प्याले, नात नंतर आली. गावात कोणी विचारलं तर जसं झालं तसं सांगा. तुम्ही रागावलात तर मी ऐकून घेईन, पण पस्तावा आणायला सांगू नका, तो येत नाही. नळाचं पाणी होतं, तरी गोड लागलं.

नीला तुमची वाट पाहते. विहीणबाईंनी आजपासूनच तुमच्या जेवणाचा बेत मांडला आहे. बहाराची एक फांदी तोडून आणा, पोरीच्या उशाशी ठेवू. माया आहे तशीच ठेवा, आणि येताना कळशी आणू नका.

तुमची,
कौसल्या