काकांचा बिल्ड, माझे कंस

३ फेब्रुवारी
साहेबांनी नवं लोढणं गळ्यात अडकवलं! आमच्या प्रोग्रामचे तीनशे तुकडे योग्य क्रमानं जोडून देणारी जी फाइल आहे — आमचा बिल्ड — ती स्कीम नावाच्या संगणकभाषेत नव्यानं लिहायची. मूळची काकांनी लिहिलेली, एकोणीस वर्षांपूर्वी. काका म्हणजे शेजारच्या टेबलावरचे. सख्खे नव्हेत, पण मला हे काम त्यांनीच शिकवलं, शिव्या देऊन.
माझी पहिली पानं ऐकून म्हणाले, "एवढे कंस? घाऊक भावात मिळाले वाटतं!"

५ फेब्रुवारी
बिल्ड पुन्हा पडला. पंधरा दिवसांत चौथ्यांदा! जुन्या फाइलीत प्रत्येक आज्ञेआधी टॅब लागतो. त्याऐवजी आठ स्पेस पडल्या तर दिसायला तंतोतंत तसंच, आणि सगळं ठप्प. आम्ही ज्यात लिहितो तो एडिटर टॅबपाशी फिकट बाण दाखवतो, त्यावर निभावतं. चूक कुणाची बघितलं — काकांची! याच टॅबवरून मला एकदा रडवलं होतं त्यांनी. गुपचूप दुरुस्त केलं.

१० फेब्रुवारी
एकशे चाळीस तुकडे झाले. स्कीममध्ये जागा कितीही सोडा, कंस जुळले की झालं. काय गोड भाषा आहे! काका म्हणाले, "लग्न लावून देऊ का तुझं तिच्याशी?"

१२ फेब्रुवारी
आज जुन्या फाइलीतल्या एका ओळीवर बोट ठेवलं आणि म्हटलं, "काका, ही वाचा ना." घडाघडा म्हणाले. पण त्यांनी म्हटलेली ओळ मी कालच काढली होती! तिथे दुसरीच होती.
ते वाचत नव्हतेच. सगळी फाइल पाठ आहे त्यांना.
"बरोबर," एवढंच मी म्हटलं आणि जिन्यात जाऊन बसले. निवृत्तीला दोन वर्षं आहेत अजून. साहेबांना कळलं तर घरी बसवतील. काकू गेल्यापासून घरी आहे कोण त्यांना? मला फार भीती वाटतेय.

१३ फेब्रुवारी
ठरलं. महिनाअखेरीच्या आत ही टॅबची कटकट संपवायची. कंस एडिटर मोजतो, वाचूनही दाखवतो. डोळ्यांची गरजच नाही!

१९ फेब्रुवारी
दोनशे नव्वद. काकांचा प्रत्येक बदल आधी मी तपासते. चोरासारखी.

२४ फेब्रुवारी
तीनशेच्या तीनशे! जुन्या-नव्या बिल्डमधून निघालेला प्रोग्राम बाइटन् बाइट सारखा!
काकांना हेडफोन दिले आणि एडिटरला नवा बिल्ड वाचायला लावला. "हल्ली सगळे ऐकतच काम करतात," दिली ठोकून. ते डोळे मिटून ऐकत बसले. मग एकदम — "थांब. जुन्या फाइली पुसायच्या भागात एक कंस तू आधीच बंद केलायस, गधडे." खरंच होतं! तो भाग मी चालवूनच पाहिला नव्हता. इतक्या आनंदानं शिवी कधी खाल्ली नाही.

२७ फेब्रुवारी
साहेबांनी नवा बिल्ड मंजूर केला. मी घाईघाईनं म्हटलं, सांभाळायला काकाच हवेत. पुढची थाप तयार होती. साहेब म्हणाले, "दिसत नाही त्यांना, माहीत आहे मला. डिसेंबरातच राजीनामा घेऊन आले होते. मी घेईना, तेव्हा म्हणाले, मग पोरीकडून स्कीममध्ये लिहून घ्या, ते मला ऐकून जमेल. पण तिला कारण सांगू नका, जीव टाकून करत बसेल."
लबाड म्हातारा! सोमवारी चांगली भांडणार आहे.