दारापर्यंतचा चढ

हँकॉक, ९ ऑगस्ट १९९८

प्रिय सिल्वी,

तुझी लिंबांची पेटी पोचली. अर्ध्यांचा मुरंबा घातला, उरलेली चर्चमधल्या बायकांनी नेली. तुम्ही तिकडे वाळवंटात उन्हाळा कसा काढता कोण जाणे! इथे आम्ही दोघं बरे आहोत.

बरे म्हणजे, विल्होचं काहीतरी चाललंय.

रस्त्यापासून आमच्या दारापर्यंतचा चढ तुला ठाऊक आहेच. दर वसंतात बर्फ वितळलं की खालून दगड वर येतात, खडी वाहून जाते आणि विल्हो फावडं घेऊन शिव्या देत ती परत भरतो. त्यात त्याला मजा येते. शेजारच्या लाहतींनी डांबर घातलं तेव्हा हाच म्हणाला होता, "पैसे देऊन घसरगुंडी बांधतायत." आता तोच माणूस डांबर घालायचं म्हणतोय. का, म्हणून विचारलं तर म्हणे, "खडी उचलून कंबर गेली." कंबर! परवाच सौनाची, त्या वाफेच्या न्हाणीची, भट्टी पेटवायला ओंडके फोडत होता.

कंत्राट घेणारी बाई येऊन गेली. रोंडा बोद्री तिचं नाव. चाळिशीची आहे, हसरी आहे. दोघं चढावर उभे राहून बराच वेळ बोलत होते. मी कॉफी आणि वेलदोडा घातलेला निसूपाव घेऊन बाहेर गेले तशी दोघं गप्प! मग बाई म्हणते, "वेलदोड्याचा वास छान येतोय हो." वेलदोड्याबद्दल बोलत नव्हते ते, एवढं मला कळतं.

तू दिलेल्या निळ्या सेटमधला एक कप फुटला. हातातून निसटला. रागावू नकोस.

मार्ता

हँकॉक, ३० ऑगस्ट

प्रिय सिल्वी,

आता अंगणात खुंट्या ठोकल्यात आणि दोरी ताणलीय. ती दोरी बघशील तर तुलाही संशय येईल. सरळ वर यायचं सोडून ती माझ्या बेरीच्या झुडपांवरून लांबच लांब वळसा घेते आणि मागे स्वयंपाकघराच्या दाराशी येते. दोन म्हाताऱ्यांना आणि एका जुन्या ट्रकला एवढा रस्ता कशाला?

एइनो लाहती कुंपणावरून म्हणाला, "घर विकायच्या आधी लोक असंच करतात, मार्ता. गिऱ्हाईक आधी रस्ता बघतं, मग घर."

मी त्याच दिवशी जेवताना विचारलं, "घर विकतोयस?"

"वेडी आहेस का?" विल्हो म्हणाला. पण म्हणताना ताटाकडे बघत होता. इतक्या वर्षांत या माणसाला खोटं बोलायला जमलेलं नाही. म्हणजे घर विकत नसेलही, पण दुसरं काहीतरी आहे.

त्या दोरीत पाय अडकून मी पडले. विशेष काही नाही, गुडघा सोलवटला. उगाच दोऱ्या बांधून ठेवतात.

आणि तुला एक विचारते. 'जिन्यावर जपून चढत जा' असं तू मागच्या पत्रात लिहिलंस. मला जिना कसा चढायचा ते तू कधीपासून सांगायला लागलीस? विल्होने तुला फोन केला होता का? खरं सांग. तुम्ही दोघं माझ्यामागे बोलता असं मला वाटायला लागलंय, आणि मला ते आवडत नाही.

मार्ता

हँकॉक, १४ सप्टेंबर

सिल्वी,

तुझं पत्र आलं. फोन केला होता तर त्याने. चल, निदान तू लपवलं नाहीस.

काल रोंडा आली होती. विल्हो गावात गेलेला. मी विचारलं, "एवढा वळसा कशाला हो?" ती अगदी मनमोकळेपणाने म्हणाली, "सरळ चढ फार उभा आहे ना. वळसा घेतला की उतार हलका होतो, चाकाची खुर्ची तुमची तुम्हाला वर आणता येईल. मागच्या दाराची पायरीही काढतोय."

"कोणाची खुर्ची?"

ती लालबुंद झाली. बिचारीला वाटलं होतं मला माहीत आहे.

विल्हो आला तेव्हा मी दारातच उभी होते. म्हटलं, "माझी खुर्ची कधी येतेय?"

तो बाकावर बसला, बूटही काढले नाहीत. म्हणाला, "गेल्या हिवाळ्यापासून तू भिंत धरून चालतेस. कप फुटतात. ग्रीन बेला खरेदीला म्हणून गेलीस आणि रिकाम्या हाताने आलीस. तिथे दवाखान्यात गेली होतीस ना?"

"मग विचारलं का नाहीस?"

"तू सांगत नव्हतीस. मला दुसरं काय करता येतं? रस्ता करता येतो."

मी चिडले, सिल्वी. फार चिडले. बाहेरची बाई आणि एइनोसमोर ताणलेली दोरी यांना माझं दुखणं मी सांगायच्या आधीच माहीत! डॉक्टर काय म्हणाले ते सगळं त्याला ऐकवलं आणि आत जाऊन दार लावून घेतलं.

मग मला आपली आई आठवली. खुर्चीत बसायला लागल्यापासून ती नोव्हेंबर ते एप्रिल बाहेर पडायची नाही. ईस्टरला चार पुरुष तिला उचलून याच चढावरून खाली न्यायचे, आणि ती डोळे मिटून घ्यायची. शेवटी तिने जाणंच सोडलं. त्या चौघांत विल्हो असायचा.

आज सकाळी मी स्वतः रोंडाला बोलावलं. म्हटलं, "बेरीची झुडपं गेली तरी चालतील. पण रस्ता मागच्या दाराशी नाही न्यायचा. पुढच्या. लोक येतात त्याच दाराने मी येणार." तिने खुंट्या उपटल्या. विल्हो दोरीचं दुसरं टोक धरून उभा राहिला. थंडी पडून डांबराचे कारखाने बंद व्हायच्या आत काम उरकेल, असं रोंडा म्हणते.

आता जे लिहायला मी तीन महिने टाळलं ते. डॉक्टर म्हणाले, आईला होतं तेच आहे. आणि ते रक्तातून येतं. भावंडांनी तपासून घ्यावं. तुला कळवलं की ते तुझंही होईल, असं काहीतरी वेडं मनात होतं, म्हणून मी डांबर आणि दोऱ्यांबद्दल लिहीत बसले. विल्होने तुला फक्त मी पडते एवढंच सांगितलं असणार. बाकीचं त्यालाही कालच कळलं.

ईस्टरच्या कार्डात तू लिहिलं होतंस, बूट चावतात म्हणून टेनिस सोडलं. तेव्हा मी पुढे वाचत गेले. आता ते वाक्य डोक्यातून जात नाही.

सिल्वी, बूटच चावतात ना?

डॉक्टरकडे जाऊन ये. मग मला लिही, आणि मी लिहिलं तसं लिहू नकोस.

तुझीच,
मार्ता