जामीन राहणार नाही, त्याची कारणे

कोपरखैरणे,
भाऊबीजेनंतरचा सोमवार, १९९७

तीर्थस्वरूप कमळाकरदादास,

धाकटी बहीण शालन हिचा साष्टांग नमस्कार (कागदावरच, इथे खाट आणि कपाटाच्या मध्ये आठही अंगं एकदम मावत नाहीत). आईचा गुडघा, वहिनीची म्हैस आणि तुझा राग, तिन्ही बरे असतील अशी आशा करते. तुझं पत्र आमच्या ह्यांच्या नावाने आलं होतं, पण फोडलं मी. तू लिहितोस की पाव्हण्यांचं घराचं कर्ज फिटल्याचं ऐकून आनंद झाला, तर आता त्यांनी ते घर दाखवून तुझ्या वडापच्या, शिटा भरून न्यायच्या जीपसाठी गावच्या पतपेढीत जामीन राहावं. नाही राहणार. घर घेताना मी तुझ्याकडे जामीन मागायला आले होते, तेव्हा तू पानाला चुना लावता लावता म्हणालास, आपल्या घराण्यात कर्जाला कुणी शिवलं नाही. मग आता तूच कशाला बाटतोस?

कर्ज फेडून काय शिकले ते मात्र सांगते, फुकट. पतपेढीला भिऊ नये. पतपेढी महिन्यातून एकदा आठवण काढते आणि गप्प बसते. भ्यायचं ते जामीनदाराला. आमचे जामीनदार हौसेराव, कांदा-बटाटा मार्केटात ह्यांच्याच टोळीत गोण्या उचलणारे. आम्ही हप्ता चुकवला तर कापणार त्यांच्या पगारातून, म्हणून दर रविवारी चहाला यायचे आणि नजरेने घर तपासून जायचे. (साखर कमी पडली तर 'परवडत न्हाय का?' आणि जास्त पडली तर 'लई उधळपट्टी चाललीय!') नवीन पातेलं दिसलं तरी त्यांचा चेहरा उतरायचा.

तरी मी रंगीत टीव्ही घेतला. होय, कर्ज फिटायच्या आधीच घेतला! सोसायटीतल्या एका बाईंची बदली झाली, त्यांचा जुना. दिवसभर टोळीतल्या माणसांचे डबे करायचे आणि संध्याकाळी भिंतीकडे बघत बसायचं, हे कुठल्या पतपेढीच्या नियमात आहे? पण हौसेरावांना कळलं असतं तर बिचाऱ्यांची झोप उडाली असती. म्हणून रविवारी त्या टीव्हीवर माझी पिवळी साडी घालायची, वर काळूबाईचा फोटो, पुढे हळदकुंकू आणि उदबत्ती. हौसेराव मनोभावे पाया पडायचे. एकदा तर नारळ घेऊन आले. (त्याच्या वड्या केल्या. पाप लागायचं असेल तर ह्यांना लागो, जास्त त्यांनीच खाल्ल्या.)

एका रविवारी सकाळपासून वीज नव्हती आणि टीव्हीचं बटण चालूच राहिलं होतं. हौसेरावांनी डोळे मिटून हात जोडले, तेवढ्यात वीज आली आणि देवी पदराआडून कपडे धुण्याच्या पावडरीचे गुण सांगू लागली. आमचे हे उठून मोरीत गेले आणि आतून कडी लावली. (ज्या माणसाला अख्खं मार्केट मानसिंगराव म्हणून मान देतं, तो हा.) मी मात्र जागची हलले नाही. म्हटलं, होय, टीव्ही आहे, हप्ता आमचा एकही चुकलेला नाही, काय करायचं ते करा. हौसेरावांनी साडीचं टोक उचलून आत बघितलं आणि हळूच म्हणाले, "वैनी, तुमची रंगीत हाय. आमच्या घरचा खंडोबा ब्लॅक अँड व्हाइट हाय." त्यांनीही कर्ज काढलेलं होतं, आणि त्यांचा जामीनदार सोमवारी यायचा.

मग सगळ्यांनी बसून पिक्चर बघितला. मला हसू आवरेना आणि रडूही. इतकी वर्षं आम्ही स्वतःच्या घरात चोरासारखे वागलो, दादा, आणि चोरी कसलीच केली नव्हती. मान खाली घालायची ती बुडवणाऱ्याने. फेडणाऱ्याने का घालावी?

गेल्या महिन्यात कर्ज फिटल्याचा दाखला आला, तो एकट्या ह्यांच्या नावाने. पहाटे उठून पोळ्या मी लाटल्या, हप्ते माझ्या डब्यांवर गेले, आणि कागदावर मी कुठेच नाही. मी परात पालथी घातली. म्हटलं, घरावर माझं नाव चढत नाही तोवर या घरात पोळी नाही. ह्यांनी केळी खाऊन दिवस काढले, मग मुकाट अर्ज करून आले. तेव्हा घर दाखवायचं तर आता माझीही सही लागते आणि ती मी तुला देणार नाही. माहेर तुटलं तरी बेहत्तर.

आईला नमस्कार, पोरांना पापे.

तुझी बहीण (आणि कुणाचं देणं नसलेली)
शालन

ता.क. : हे म्हणतात, भावाला जरा मऊ लिही. हे मऊच आहे.

आणखी एक : जीपचे हप्ते कोण भरणार ते तू लिहिलं नाहीस. न लिहिता कळलं. म्हशीचं दूध घालून राजेश्वरी वहिनीच भरणार. म्हणून तू पाठवलेला जास्तीचा कोरा फॉर्म मी भरला. जीप वहिनीच्या नावाने, जामीन आम्ही. आम्ही दोघांनीही सह्या केल्या आहेत. या पाकिटात शोधू नकोस, तो वहिनीच्या नावाने वेगळा रजिस्टरने पाठवला आहे. जीपवर ड्रायव्हर लागेलच. तिला विचारून बघ.