शेडमधलं वर्गीकरण

लातूर,
बुधवार दुपार

प्रिय सिद्धलिंग,

तू फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र. किनवटला तुझ्या कॉलेजच्या पत्त्यावर स्पीड पोस्टाने टाकते आहे, म्हणजे परवापर्यंत निदान शिपाई तरी ते आणून तुझ्या टेबलावर ठेवेल. ख्यालीखुशाली विचारत बसत नाही. तू कसा असशील ते मला ठाऊक आहे आणि मी कशी आहे ते मलाच नीट ठाऊक नाही. रेणुकादास गेल्याला आता दोन महिने होतील. तुझं कार्ड मिळालं. दोनच ओळी होत्या, पण इतरांच्या लांबलचक बोलण्यापेक्षा त्या बऱ्या वाटल्या. तू आला नाहीस याचा राग नाही. राग यायला आत काहीतरी हलावं लागतं, ते सध्या हलत नाही.

बातमी एवढीच की घर आवरायचं आहे. मुग्धा रविवारी येते आहे, मला पुण्याला घेऊन जायला. खालचं घर आणि वरची अभ्यासिका, दोन्ही एक क्लासवाले घेणार आहेत. पोरीने सगळं फोनवरूनच ठरवलं. रिकामी खोकीसुद्धा येऊन पडली आहेत. कशात काय भरायचं ते तिने मला खोक्यांवर लिहायला लावलं. कपडे, भांडी, पुस्तकं, देऊन टाकायचं. मी मार्करने लिहिलं, अक्षर छान आलं. मग त्या खोक्यांकडे बघत बसले आणि गॅसवरचं दूध उतू गेलं. मुग्धाचं काही चुकत नाही रे. तिचा बाप गेलाय, आणि हाताला काम असलं की तिला बरं वाटतं. मला भीती आहे ती माझीच. ती म्हणेल ते मी चकार शब्द न काढता भरू देईन, आणि सोमवारी पुण्यात जाग येईल तेव्हा हा माणूस माझ्या आयुष्यात कुठे कुठे होता हेच मला आठवणार नाही.

मला अजून रडू आलेलं नाही. माहूरच्या माझ्या थोरल्या जाऊबाईंनी दहाव्याच्या दिवशी मला कोपऱ्यात घेऊन सांगितलं, बाई गं, रडून मोकळी हो, नाहीतर अंगावर निघेल. मी बरं म्हटलं आणि त्यांना चहा हवा का म्हणून विचारलं. जेवते, झोपते, नळाला पाणी आलं की भरून ठेवते. मध्यंतरी चार दिवस कामावर, माझ्या कॉलेजच्या ग्रंथालयातही जाऊन बसले. दात काढण्याआधी सुई देतात ना, तसं सगळ्या अंगाला झालंय. मेली ती सुई कधी उतरते याची वाट बघते आहे आणि उतरू नये असंही वाटतं.

अभ्यासिका तू पाहिलीच नाहीस. किती वेळा बोलावलं तुला. लातूर पॅटर्नची हवा वाढत गेली तशी त्याच्या कॉलेजात पोरं पुस्तक मागायला येईनाशी झाली, बसायला जागा मागू लागली. मग त्याने वरच्या मजल्यावर प्लायवूडचे आडोसे घालून टेबलं टाकली. उदगीरची, देगलूरची, पार तुमच्या किनवटची पोरं येऊन बसायची, आपापल्या क्लासच्या नोट्स घेऊन. नवरा ग्रंथपाल, बायको ग्रंथपाल, आणि घरातल्या ग्रंथालयात एक पुस्तक नाही, असं तो येईल त्याला हसत हसत सांगायचा. पुढे त्याने जिन्याजवळ गोष्टीच्या पुस्तकांचं एक कपाट ठेवलं. त्यांना ना क्रमांक, ना नोंद. मी कुरकुरले तर म्हणाला, दिवसभर मार्कांचे आकडे ऐकून त्यांचे कान किटलेत, इथे तरी आकडा नको. निम्मी पुस्तकं परत आली नाहीत. त्याचं त्याला काही वाटलं नाही, मला वाटायचं. आता वर सामसूम आहे.

दिपाली मात्र आली होती. नांदेडहून येऊन दोन दिवस राहिली, माझ्या केसांना तेल लावलं, पुढ्यात ताट ठेवून बसून राहिली. कुसुम, तू काही खाऊन नाही राहिली, असं दर अर्ध्या तासाने. तू नोकरीला गेलास ते किनवट तिचं माहेर, तिथली बोली तिने नांदेडात इतकी वर्षं नोकरी करूनही सोडली नाही. बोलता बोलता ती नांदेडच्या आपल्या ग्रंथपालनाच्या वर्गावर आली. पुस्तकांना विषयवार क्रमांक द्यायच्या वर्गीकरणाच्या तक्त्यांचा सगळ्या वर्गात मिळून एकच संच होता, पाठीला चिकटपट्ट्या लावलेला, कुलपातला. म्हणून तर आपण चौघं एका टेबलाला चिकटलो. एकाने पुस्तकाचं नाव वाचायचं, दुसऱ्याने तक्ते चाळायचे, तिसऱ्याने क्रमांक सांगायचा आणि चौथा, म्हणजे रेणुकादास, हरकत घ्यायला. ज्याचा क्रमांक चुकेल त्याने सगळ्यांचे कप विसळायचे. माहूरवरचं ते जाडं पुस्तक आलं तेव्हा दिपाली म्हणाली धर्म, मी म्हटलं प्रवास, आणि हा, गडाच्या पायथ्याशी ज्याच्या घरचं ओटीच्या सामानाचं दुकान, तो म्हणाला व्यापार. तू हसून हसून टेबलावर डोकं टेकलंस. कप त्यानेच विसळले, पण आपलंच बरोबर होतं असं तो शेवटपर्यंत म्हणत राहिला.

रविवारी संध्याकाळी तुमच्या मेस बंद, म्हणून आपली वरात गुरुद्वाऱ्यात लंगरला. मी नांदेडचीच, घरची गरम पोळी टाकून तुमच्याबरोबर पंगतीला यायचे. आईला वाटायचं, पोरीला भक्तीचा नाद लागला. भक्ती कसली, मला तुमची सवय लागली होती. परत येताना दिपालीच्या होस्टेलचं गेट बंद व्हायच्या आत पोचायला आपण चौघं एका ऑटोत कोंबून बसायचो आणि तू ड्रायव्हरशेजारी अर्धा बाहेर लटकलेला असायचास.

मग भूकंप झाला. आदल्या दिवशीच गणपती विसर्जन झालं होतं. सकाळी रेडिओवर गावांची नावं सांगायला लागले आणि त्यात तुझं गाव आलं. तू होस्टेलातून अनवाणी स्टँडवर गेलास. रेणुकादास तुझ्या चपला हातात घेऊन मागून धावला, तोवर एसटी निघून गेली होती. पुढच्या आठवड्यात कॉलेजच्या ट्रकमधून आम्ही तिघं आलो तेव्हा तू छावणीतल्या तंबूत पालथा पडला होतास. आई, वडील, धाकटी बहीण, सगळं गेलं होतं. आम्ही छावणीत काम मागितलं.

जवानांनी ढिगाऱ्यातून निघालेलं सामान ज्याच्या त्याच्या घराच्या जागेपुढे काढून ठेवलं होतं. आभाळ भरून आलं होतं. भिजू नये म्हणून आम्ही ते पत्र्याच्या शेडमध्ये हलवलं, आणि हलवता हलवता लावलं. कुणी असं ठरवलं नव्हतं, हातच तसे वळले. हंडे-घागरी एकीकडे, तांबे-पेले उंचीप्रमाणे, शाळेची पुस्तकं इयत्तेप्रमाणे, तसबिरी भिंतीला टेकवून, पत्र्याच्या पेट्या दाराशी. रेणुकादासने भिंतीवर खडूने मथळे लिहिले. संध्याकाळी आम्ही दारात उभं राहून पाहिलं. आपल्या कॉलेजचं ग्रंथालयही इतकं नीट कधी लागलं नव्हतं. खरं सांगते, त्या भयंकर जागेत आम्हाला पहिल्यांदा जरा बरं वाटलं.

सकाळी लोक आले. पुढे तुमच्या गल्लीतली लक्ष्मम्मा. ती भांड्यांच्या रांगेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली, तसबिरींपाशी थांबली, पुन्हा भांड्यांपाशी आली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "लई चांगलं लावलंय गं बाई. पर ह्यात माझं घर कुठं हाय?"

तिच्या मागे गाव उभं होतं आणि सगळे आपल्याच वस्तूंकडे दुकानातल्या मालाकडे बघावं तसे बघत होते. तू तंबूतून कधी उठून आलास कळलंच नाही. शेडच्या दारात उकिडवा बसलास आणि म्हणालास, "एकेक उचला. म्या सांगतो."

मी वस्तू उचलायची, दिपालीने कुणाची म्हणून विचारायचं, तू घर सांगायचास, आणि रेणुकादास ती नेऊन त्या घराच्या जागी, ताडपत्रीखाली ठेवायचा. आपल्या टेबलाचीच वाटणी, फक्त हरकत घेणारं कुणी नव्हतं. हा विरूपाक्षअप्पाचा तांब्या. ही साखराबाईची परात. हळूहळू लोकही सांगू लागले. ज्या घरांत घ्यायलाच कुणी उरलं नव्हतं त्यांची नावं लक्ष्मम्मा सांगत होती, आणि त्यांचंही सामान त्यांच्या जागी गेलं. तुझ्या घरचं काही आलं की तू त्याच आवाजात आमचं म्हणायचास. आईची घागर, वडिलांची पेटी, बहिणीचं दप्तर. आमचं, आमचं, आमचं. मग चहाची एक गाळणी आली, दांडी तारेने बांधलेली. तू तोंड उघडलंस आणि शब्द फुटला नाही. तेव्हा तू रडलास, इतक्या दिवसांत पहिल्यांदा. रेणुकादास येऊन तुझ्याशेजारी मातीत बसला. पाठीवर हात फिरवला नाही, समजूत घातली नाही. तुझं झाल्यावर त्याने ती गाळणी नेऊन जागेवर ठेवली आणि मी पुढची वस्तू उचलली. याच्याशीच लग्न करायचं हे मी त्या दिवशी ठरवलं. त्याला कधी सांगितलं नाही, फुशारला असता.

आता मुद्द्यावर येते. शनिवारी ये. मुग्धाच्या आधी. तू मयताच्या घरी का जात नाहीस ते मला माहीत आहे, आणि तुला पुन्हा तसंच दारात बसायला सांगणं हा जुलूम आहे हेही कळतं. पण हे दुसऱ्या कुणाला मागता येणार नाही. सांत्वनाचं काही बोलू नकोस, तुला ते जमतही नाही. मी एकेक वस्तू उचलीन, तू फक्त कुणाची म्हणून विचार, उत्तर मी देईन. लग्नाआधीपासून मी त्याला नावाने हाक मारत आले, दिवसातून शंभरदा. तो गेल्यापासून ते नाव माझ्या तोंडून एकदाही निघालेलं नाही. कागदावर येतं, तोंडाने येत नाही. या घरात ते आता मला कुणी विचारतच नाही.

तुझीच,
कुसुम